वाचकांचे प्रश्न : ‘सून घरीच असते’

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) अंकात आम्ही वाचकांना घरातील कामाविषयी आणि कमाईविषयी लिहिण्याचे आवाहन केले होते. खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावे आणि गावे गाळली असून लांब पत्रे थोडी कमी केली आहेत.

प्रश्न : आमचे यावल तालुक्यात एकत्र कुटुंब आहे. केळी आणि कपाशीची शेती आहे, दोन म्हशी आहेत. मागे घरोघर पाहणी करणारे एक कर्मचारी आले होते. त्यांनी सासऱ्यांना प्रत्येकाचा व्यवसाय विचारला, तेव्हा माझ्याबद्दल सासरे म्हणाले, ‘सून घरीच असते.’ मी त्या वेळी गोठ्यात शेण काढत होते. म्हशींचे सगळे मीच करते, वेचणीला बाया कमी पडल्या की शेतात जाते, मजूर असले की त्यांचे चहापाणी माझ्याकडेच असते. दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी सासऱ्यांच्या खात्यात जमा होतात. लग्नाआधी मी दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला आणि वेचणीला जात असे. तेव्हा रोज कमी असला तरी तो माझ्या हातात पडत असे. मला कोणाशी भांडायचे नाही. पण मी काम करते की नाही आणि सरकारच्या हिशेबात ते धरले जाते की नाही, एवढे कळावे.
— एक भगिनी, यावल तालुका

उत्तर : ताई, तुम्ही काम करता, आणि सरकारच्या व्याख्येनुसारही तुम्ही कामकरीच आहात. देशातील रोजगाराची पाहणी ज्या पद्धतीने होते तीत घरच्या शेतीत किंवा धंद्यात मोबदल्याशिवाय राबणाऱ्या माणसाची नोंद २१ या क्रमांकाखाली होते आणि तो माणूस कामकऱ्यांत मोजला जातो. जी स्त्री केवळ घरकाम करते तिची नोंद ९२ क्रमांकाखाली होते. घरकामाबरोबर सरपण किंवा चारा गोळा करणारी, घरापुरते शिवणटिपण करणारी ९३ मध्ये जाते. आणि या दोन्ही क्रमांकांच्या स्त्रिया कामकऱ्यांच्या आकड्याबाहेर राहतात. तुमच्या सासऱ्यांच्या त्या तीन शब्दांवर कर्मचाऱ्याने विसंबून नोंद केली असेल, तर तुम्ही दोन म्हशी आणि कपाशीसह २१ मधून उचलल्या जाऊन ९२ मध्ये जाऊन बसला असाल. सासऱ्यांनी जाणूनबुजून खोटे सांगितले असे मला वाटत नाही. ‘कामाला जाते’ याचा अर्थ आपल्याकडे ‘दुसऱ्याच्या दारी पैशासाठी जाते’ असाच घेतला जातो, आणि आपली सून तशी जात नाही हे सांगण्यात त्यांना थोडा अभिमानही असेल. ही अडचण नवी नाही. १९९१ च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नातच ‘घरच्या शेतीवरील किंवा धंद्यातील बिनमोबदल्याचे काम धरून’ अशा आशयाचे शब्द घालावे लागले, कारण त्याशिवाय शेतकरी घरांतील स्त्रिया मोजणीतून निसटत होत्या.

व्याख्येची सीमारेषा कुठे आखली आहे हेही पाहण्यासारखे आहे. ज्वारी पिकवणे हे घरी खाण्यासाठी असले तरी काम आहे. तीच ज्वारी निवडणे, दळणे आणि तिची भाकरी थापणे हे काम नाही. म्हशीला चारापाणी करणे आणि धार काढणे हे काम आहे. ते दूध तापवणे, विरजण लावणे, ताक घुसळणे हे घरात खाण्यापुरते असेल तर काम नाही. उन्हाळ्यात तुम्ही ज्वारीचे बिबडे (पापड) थापता. ते डब्यात भरून घरात ठेवले तर घरकाम, शेजारणीने किलोच्या भावाने विकत नेले तर व्यवसाय. खळ्यावरून चुलीकडे जाताना धान्य एका उंबऱ्यावर ‘काम’ असण्याचे थांबते, आणि तो उंबरा नेमका तोच आहे जिथून पुढचे सारे बाईच्या माथी असते.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य मात्र लग्नाआधीच्या रोजाबद्दलचे आहे. विहिरीला पाणी लागले, केळी लागली, की घरच्या सुनेचे दुसऱ्याच्या शेतात जाणे बंद होते, हे तापीकाठच्या कोणत्याही गावात दिसेल. बागायतदाराची सून मजुरीला गेली तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न तिला रोजाची गरज आहे का, या प्रश्नाआधी विचारला जातो. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या सुमारे दोनशे वर्षांच्या नोंदी तपासून दाखवले की शेतीप्रधान समाजातून उद्योगांकडे जाताना विवाहित स्त्रियांचे कमाईचे काम आधी घटते आणि पुढे कचेऱ्या, शाळा, सेवाक्षेत्र वाढले की पुन्हा चढते. आपल्या भागात त्यातला घटणारा उतार डोळ्यांसमोर घडतो आहे. चढणारी बाजू भुसावळ, जळगाव, धुळ्यासारख्या शहरांत थोडीफार दिसते. तुमच्या बाबतीत श्रम थांबले नाहीत. जी कपाशी वेचल्याबद्दल पूर्वी संध्याकाळी तराजू लागत असे आणि किलोप्रमाणे पैसे मिळत, तीच कपाशी तुम्ही आता वेचता आणि तराजू लागत नाही, एवढाच फरक पडला.

येथे सालदाराची, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेल्या शेतगड्याची, आठवण होते. आपल्याकडे सालदाराचे वर्ष आखाजीपासून आखाजीपर्यंत असते. त्या दिवशी पैसे किती, धान्य किती, सुट्ट्या किती, हे बोलून ठरते आणि पटले नाही तर तो दुसरा मालक पाहतो. त्याच आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते आणि चार दिवस तिच्या हाताला विश्रांती मिळते. त्यानंतर ती परत जाते तेव्हा तिच्या वर्षाविषयी कोणी काही बोललेले नसते.

देशाचे आकडे पाहताना तुमच्यासारख्यांची गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाले. ही वाढ मोठी आहे, पण तिचा बराचसा भाग ग्रामीण भागातील स्वयंरोजगाराचा आहे आणि त्यात घरच्या शेतीत मोबदल्याशिवाय मदत करणाऱ्या स्त्रियाही येतात. म्हणजे उद्या तुमची नोंद ९२ मधून २१ मध्ये दुरुस्त झाली तर देशातील काम करणाऱ्या स्त्रियांचा आकडा एकाने वाढेल आणि तुमच्या हातातील पैसा एका रुपयानेही वाढणार नाही.

म्हणून नोंदीचा आग्रह धराच, पण दुधाच्या पैशांचा विचार त्याआधी करा. अमर्त्य सेन यांनी कुटुंबाकडे पाहताना एक गोष्ट दाखवून दिली आहे : घरात कोणाच्या शब्दाला किती वजन मिळते हे तो माणूस प्रत्यक्षात किती राबतो यापेक्षा तो किती भर घालतो असे इतरांना वाटते यावर बरेच अवलंबून असते. दूध डेअरीच्या पुस्तकावर सासऱ्यांचे नाव आहे, म्हणून दूध सासऱ्यांचे आहे असे घराला वाटते. कालांतराने तुम्हालाही तसे वाटू लागेल. दूध संस्थेचे सभासदत्व व्यक्तीच्या नावे असते. एका म्हशीचे दूध तुमच्या नावे घालण्याची आणि तेवढे पैसे तुमच्या बँक खात्यात जमा होण्याची व्यवस्था घरात बोलून करता येईल, आणि ती मागताना ‘माझा हक्क’ हा शब्द वापरायचा की ‘मुलांच्या शाळेचा खर्च मी पाहीन’ असे म्हणायचे, हे तुमच्या घराची हवा तुम्ही जाणता म्हणून तुम्हीच ठरवा. दुसरी गोष्ट सातबाऱ्याची. पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सातबाऱ्यावर आपोआप लागत नाही. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला महिलांचे मोठे अधिवेशन घेतले, त्यानंतर बायकोच्या नावे जमीन करून देण्याची लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली, आणि पुढे शासनानेही त्या नावाची योजना आणली. पतीच्या संमतीने तहसीलदारांकडे अर्ज केल्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. तुमच्या घरी जमीन अजून सासऱ्यांच्या नावे असेल तर हे आज शक्य होणार नाही. वाटणी होईल तेव्हा पतीला त्याची आठवण करून द्या, आणि तो दिवस येईपर्यंत वाट पाहून मग बोलू नका, आताच एकदा बोलून ठेवा.

आणि पुढच्या वेळी पाहणीसाठी कोणी आले, तर गोठ्यातून बाहेर येऊन उत्तर स्वतः द्या.

प्रश्न : मी एकसष्ट वर्षांची आहे. यजमान रेल्वेतून निवृत्त झाले. सून एका खासगी शाळेत शिक्षिका आहे, मुलगा जळगावला अप-डाउन करतो. दोन नातवंडे आहेत, एक पाच वर्षांचा आणि एक दोन वर्षांची. सकाळी साडेसहापासून संध्याकाळपर्यंत ती दोघे माझ्याकडे असतात आणि दुपारचा स्वयंपाकही माझ्याकडेच आहे. सून शिकलेली आहे, नोकरी करते, याचे मला कौतुकच आहे. पण मी पंधरा वर्षे उन्हाळ्यात बिबडे, कुरडया आणि उडदाच्या पापडांच्या ऑर्डरी घेत असे. पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या लोकांकडून मागणी येई. नातू झाल्यापासून ते बंद पडले. परवा पाहुण्यांसमोर मुलगा म्हणाला, ‘आई काय, घरीच असते, तिला मुलांचा विरंगुळा आहे.’ मला वाईट वाटले. काही बोलले तर सासूच वाईट ठरते.
— एक आजी, भुसावळ

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण स्त्रीच्या नोकरीविषयी जे लिहिले जाते त्यात आपली जागा बहुधा कोरी असते. सून कमावती झाली असे आपण म्हणतो तेव्हा तिच्या वाटणीचे घरकाम कुठे गेले, असे कोणी विचारत नाही. ते आपल्याकडे आले, आणि ते येताना आपला धंदा घेऊन गेले. घराच्या मिळकतीत सुनेच्या पगाराची भर पडली आणि आपल्या ऑर्डरींची वजाबाकी झाली. भर सर्वांना दिसली, वजाबाकी कोणी मांडलीच नाही. आपल्या पंधरा वर्षांच्या गिऱ्हाईकांना ‘विरंगुळा’ म्हणून निरोप दिला गेला हे ऐकून कोणालाही वाईट वाटेल.

एक गोष्ट नजरेस आणून देतो. आपल्या पत्रात सुनेची नोकरी, तिचे शिक्षण आणि तिचे कौतुक आले आहे, आणि मुलगा दोनदाच आला आहे : एकदा तो अप-डाउन करतो म्हणून आणि एकदा त्याने पाहुण्यांसमोर केलेल्या वक्तव्यापुरता. यजमान पहिल्याच ओळीत निवृत्त झाले आणि पुढे दिसलेच नाहीत. निवृत्त माणूस दोन वर्षांच्या नातीला सकाळी फिरवून आणू शकतो, पाच वर्षांच्या नातवाला शाळेत पोहोचवू शकतो, भाजी निवडू शकतो, आणि गुडघे दुखत नसतील तर कुकरही लावू शकतो. हा वाद सासू आणि सून यांच्यातला आहे असे आपल्याला वाटते, कारण घरातील दोन्ही पुरुष त्यातून अलगद बाहेर राहिले आहेत. मुलांकडे कोण पाहणार हे ठरवताना त्यांना कोणी विचारलेच नसावे, आणि त्यांनीही विचारले नसावे.

सरकारी किंवा कायद्याची सोय किती आहे तेही पाहू. प्रसूतीविषयक कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायला हवी. सुनेच्या शाळेत तेवढे कर्मचारी असतील तर तिने सहकारी शिक्षिकांना बरोबर घेऊन ही गोष्ट व्यवस्थापनापुढे मांडायला हरकत नाही. तेवढे नसतील तर हा मार्ग बंद आहे. नात तीन वर्षांची झाली की अंगणवाडीत बसू शकेल, पण अंगणवाडी काही तासांची असते आणि नोकरीची वेळ तिच्याशी जुळत नाही. त्यामुळे तोडगा घरातच काढावा लागेल.

त्यासाठी मला एक जागा दिसते. आपला पापड-कुरडयांचा हंगाम मार्चपासून मेपर्यंत, कडक उन्हाचा. सून शिक्षिका आहे, म्हणजे त्यातले काही आठवडे तिला सुट्टी असते. त्या काळात मुले तिच्याकडे आणि गच्ची आपल्याकडे, असे ठरवता येईल. पण सुट्टीही मुलांतच गेली तर तिच्या वर्षात मोकळा दिवस उरणार नाही, हे आपल्यालाच सर्वांत चांगले समजेल. म्हणून त्या आठवड्यांतील रविवार मुलाने घ्यावेत. मार्चमध्ये, शाळा चालू असताना, ज्या दिवशी आपल्याकडे चीक शिजवायचा असेल त्या दिवशी सकाळची मुले यजमानांकडे. दुपारच्या स्वयंपाकाला मदतनीस ठेवायची असेल तर तिचा पगार मुलगा आणि सून या दोघांच्या मिळकतीतून जावा. तो ‘सुनेच्या नोकरीचा खर्च’ म्हणून एकट्या सुनेच्या पगारातून वजा करण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. असा हिशेब मांडला की नोकरी परवडत नाही असेच उत्तर निघते, आणि मुलाच्या नोकरीसाठी तोच हिशेब कोणी मांडत नाही. आलेल्या ऑर्डरींचे पैसे आपल्या स्वतःच्या खात्यात ठेवा. पाहुण्यांसमोर पुन्हा तसा विषय निघाला तर आपण रागावू नका. यंदा किती किलोंची मागणी आहे, एवढे फक्त सांगा.

प्रश्न : माझ्या पत्नीचे एम.एस्सी. झाले आहे. तिला तालुक्याच्या गावी नोकरी मिळते आहे, एस.टी.ने पाऊण तास लागतो. आमच्या घरच्यांची काहीही हरकत नाही, फक्त घरचे सांभाळून करावे एवढेच म्हणणे आहे. ती म्हणते, ही हरकतच आहे. तिचे म्हणणे मला समजत नाही.
— एक वाचक, शिरपूर तालुका

उत्तर : भाऊ, तुम्ही स्वतः नोकरी धरली तेव्हा घरच्यांनी ‘घरचे सांभाळून कर’ असे सांगितले होते का, एवढे आठवून पाहा. २०१९ मध्ये देशभर प्रथमच माणसांच्या दिवसभराच्या वेळेची मोजणी झाली. तीत सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१ टक्क्यांनी आणि पुरुषांपैकी २६ टक्क्यांनी त्या दिवशी काही ना काही घरकाम केले होते. ज्यांनी केले त्यांची सरासरी स्त्रियांची २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७ मिनिटे होती. २०२४ मध्ये तीच मोजणी पुन्हा झाली, तेव्हा ते आकडे २८९ आणि ८८ आले. पाच वर्षांत दोघांचीही मिनिटे थोडी घटली, अंतर जवळजवळ तसेच राहिले.

आता एका कागदावर तुमच्या पत्नीचा दिवस मांडा. जवळजवळ पाच तास घरकाम, आठ तास नोकरी, दीड तास एस.टी.; मूल असेल तर त्याचे वेगळे. मग तुमचा दिवस शेजारी मांडा. ज्या बाजूला मोकळी जागा दिसेल तेथे सकाळची भांडी, पाणी भरणे, संध्याकाळची भाजी यांपैकी दोन गोष्टी लिहा आणि तो कागद आईला दाखवण्याआधी त्यावर एक आठवडा स्वतः चालून पाहा. पत्नी ज्याला हरकत म्हणते ती तुम्हाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी समजेल. नोकरीवर रुजू होण्याची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नये.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्या शाळेतील बरीच मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. मुलींचे जाणे अधिक असते. माझा प्रश्न छोटा आहे. प्रवेशाच्या अर्जात वडिलांचा आणि आईचा व्यवसाय असे दोन रकाने आहेत. वडिलांपुढे आम्ही ‘मजुरी’ लिहितो आणि आईपुढे सवयीने ‘घरकाम’. ते बरोबर आहे का?
— एक शिक्षक, तळोदा तालुका

उत्तर : गुरुजी, बरोबर नाही. ऊसतोडीत माणसे जोडीने मोजली जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, उचल (आगाऊ रक्कम) कोयत्याला, आणि दिवसाचे टनही कोयत्याचे. पुरुष ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. एकटा पुरुष मुकादमाला (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला) सहसा चालत नाही, जोडी लागते. तरीही उचलीची रक्कम बहुधा पुरुषाच्या हातात पडते आणि मुकादमाच्या वहीत त्याचेच नाव राहते. बाईची मजुरी त्या जोडीच्या रकमेत असते, फक्त ती तिची म्हणून वेगळी काढता येत नाही. शिवाय पहाटेचा स्वयंपाक, पाणी आणि लहान लेकरू हे तिच्याचकडे; तेही ज्या दिवशी आवाक्याबाहेर जाते त्या दिवशी ते शाळेतल्या थोरल्या मुलीकडे जाते. मुलींचे जाणे अधिक असते असे आपण लिहिले आहे, त्याचे उत्तर येथे आहे. आई फडात असताना पालावर धाकट्याला सांभाळायला कोणीतरी लागते, आणि त्या मुलीचे हे काम तर कामकऱ्यांच्या आकड्यात येतच नाही. गावात हंगामी वसतिगृह सुरू करता आले तर मुलगी मागे राहू शकते. पण ते दिवाळीआधी सुरू झाले पाहिजे, आणि धाकट्याची सोय काय हे आईला आधी विचारले पाहिजे, नाहीतर वसतिगृहात मुलगे राहतील आणि मुली ट्रकमध्ये बसतील.

अर्जातील आईच्या रकान्यात ‘ऊसतोड मजूर’ असे लिहा आणि वडिलांच्या रकान्यातही तेच लिहा. आई त्या दिवशी समोर असेल तर तिलाच विचारून लिहा. हे नव्या प्रवेशांपासून करा. जुन्या रजिस्टरातील नोंदींना मात्र वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका, खाडाखोड दिसली तर मुलांच्या दाखल्यांची अडचण होईल.